ग्रह, चंद्र आणि धूमकेतू कक्षेत कसे राहतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात शनीची कडी आणि गुरूचे चंद्र बघून झाले की प्रश्न सुरू होतात. विचारणारे कधी सहावीतले असतात, कधी निवृत्त इंजिनिअर. बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात: हे सगळं पडत कसं नाही? नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गणित लागेल तेवढंच घेतलंय, पण आकडे टाळलेले नाहीत, कारण या विषयातली खरी गंमत आकड्यांतच आहे.

ग्रह सूर्यावर पडत का नाहीत?

पडतात की. अखंड पडत असतात, पण सूर्याला गाठू शकत नाहीत.

हातातली वस्तू सोडली की पहिल्या सेकंदात ती सुमारे ४.९ मीटर खाली येते. ती आडवी भिरकावली तरीही पहिल्या सेकंदात तेवढीच खाली येते. आडव्या वेगाचा खाली पडण्याशी संबंध नसतो. आता पृथ्वी गोल आहे हे लक्षात घ्या. जमिनीला टेकून एक सरळ आडवी रेषा काढली, तर साधारण ८ किलोमीटर पुढे गेल्यावर जमीन त्या रेषेच्या ५ मीटर खाली गेलेली असते. म्हणजे एखादी वस्तू सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने आडवी फेकली, तर एका सेकंदात ती ५ मीटर पडते आणि तिच्याखालची जमीनही ५ मीटर दूर जाते. अंतर जैसे थे. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. हवेचा अडथळा नसेल तर ही वस्तू पडत पडतच पृथ्वीला फेरी मारून येईल. उंच डोंगरावर तोफ ठेवून गोळा आडवा डागण्याचं हे उदाहरण न्यूटनचं आहे.

पृथ्वी आणि सूर्य यांचंही असंच. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर पुढे जाते आणि तेवढ्या वेळात सूर्याकडे जेमतेम ३ मिलिमीटर झुकते. ३० किलोमीटरला ३ मिलिमीटर! वर्षभर हे झुकणं साठत जातं आणि त्याचं वर्तुळ पुरं होतं.

शाळेत शिकलो की गुरुत्वाकर्षण आत ओढतं, केंद्रोत्सारी बल बाहेर ढकलतं आणि दोन्हींचा समतोल होतो. ते चूक का?

हो, आणि हा गैरसमज फार चिवट आहे. परीक्षेत यावर मार्क मिळतात, हेही त्याचं एक कारण असावं.

विचार करा: दोन बलं एकमेकांना पूर्ण छेद देत असतील, तर वस्तूवर एकूण बल शून्य. शून्य बल असलेली वस्तू काय करते? सरळ रेषेत जाते. मग चंद्र वळतो कशामुळे? तो वळतो म्हणजेच त्याच्यावर छेद न गेलेलं एक बल काम करतंय, आणि ते आतल्या दिशेने आहे. ते बल म्हणजे गुरुत्वाकर्षण. दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात अभिकेंद्री बल येतं, ते हेच. ते वेगळं, तिसरं काही नाही.

गोफणीचं उदाहरण सगळे देतात. गोफण फिरवताना हाताला बाहेरची ओढ जाणवते, म्हणून दगडावर बाहेर ढकलणारं बल आहे असं वाटतं. पण दोरी सुटते तेव्हा दगड कुठे जातो ते बघा: तो बाहेरच्या दिशेने उडत नाही, सुटला त्या क्षणी ज्या बाजूला चालला होता त्या बाजूला, म्हणजे स्पर्शिकेच्या दिशेने सरळ जातो. राखणदाराला हे न शिकता माहीत असतं, नाहीतर एक पाखरू उडालं नसतं. गोफणीचं उदाहरण एका जागी मात्र लंगडं पडतं. दोरीची लांबी ठरलेली असते. गुरुत्वाकर्षणाची ओढ अंतर वाढलं की कमी होते. दुप्पट अंतरावर पावपट, तिप्पट अंतरावर नवव्या हिश्शाइतकी. धूमकेतूंच्या लांबोळ्या कक्षा गोफणीतून कधीच समजणार नाहीत.

(फिरत्या वस्तूवर बसून गणित मांडलं तर केंद्रोत्सारी बल मानावं लागतं आणि ते बरोबरच असतं. ती हिशेबाची सोय आहे. बाहेरून बघणाऱ्याला त्याची गरज पडत नाही.)

मग हा आडवा वेग दिला कोणी?

ज्या वायू आणि धुळीच्या ढगातून सूर्यमाला बनली त्याच्याकडूनच तो वारशात आलाय. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी तो ढग आकसायला लागला. ढगाला सुरुवातीला अगदी मंद गिरकी होती, आणि आकसणाऱ्या वस्तूची गिरकी वाढते. ज्या कणांना पुरेसा आडवा वेग नव्हता ते मध्यभागी जाऊन सूर्याचा भाग झाले. ज्यांना होता ते चकतीत उरले आणि त्यांचेच पुढे ग्रह झाले. सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने आणि जवळजवळ एकाच पातळीत फिरतात ते यामुळे. आज जे ग्रह दिसतात ते न पडलेल्यांपैकी आहेत. पडले ते मोजायला उरलेच नाहीत.

वेग हळूहळू संपत कसा नाही? इंजिन तर नाही.

थांबवणारं काही नाही म्हणून. जमिनीवर सगळं थांबतं ते घर्षणामुळे. ग्रहांमधल्या अवकाशात घर्षण नावालाच असतं. पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवर मात्र विरळ का होईना हवा असते, म्हणून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक हळूहळू खाली येतं आणि अधूनमधून इंजिन चालवून त्याला वर ढकलावं लागतं.

जड ग्रहाला कक्षेत राहायला जास्त वेग लागत असेल ना?

नाही. वस्तू जितकी जड तितकी ओढ जास्त, पण तिला वळवायलाही तितकंच जास्त बल लागतं. वस्तुमान दोन्हीकडून कटतं. पृथ्वीच्या जागी एखादा क्रिकेटचा चेंडू त्याच वेगाने सोडला तर तोही वर्षाला एक फेरी मारेल. अपोलो १५ चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने १९७१ मध्ये चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून दाखवलं. दोन्ही बरोबरच जमिनीला टेकले.

चंद्र पडतो हे कोणी मोजलं आहे का?

न्यूटनने नेमकं हेच पडताळलं. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण ६० पट. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होत असेल तर चंद्राचं पडणं झाडावरच्या फळाच्या ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० पटीने कमी भरलं पाहिजे. ४.९ मीटर भागिले ३,६०० म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मिलिमीटर. आता चंद्राचा प्रत्यक्ष मार्ग घ्या: २७.३ दिवसांत एक फेरी, वेग सेकंदाला सुमारे १ किलोमीटर. या वेगाने सरळ गेला असता तर एका सेकंदात जिथे पोहोचला असता, त्यापेक्षा तो पृथ्वीकडे किती सरकतो? उत्तर तेच येतं. खालचं फळ आणि वरचा चंद्र यांना एकच नियम लागू आहे, हे या भागाकारातून सिद्ध झालं. तोपर्यंत आकाशाचे कायदे वेगळे आणि जमिनीचे वेगळे असंच जग मानत होतं.

सूर्य चंद्राला पृथ्वीपेक्षा जास्त जोराने ओढतो असं ऐकलं. मग चंद्र आपल्याकडे कसा राहिला?

मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न. ऐकलं ते खरं आहे. चंद्रावरची सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या सव्वादोन पटींच्या आसपास आहे.

पण सूर्य फक्त चंद्राला ओढत नाही, पृथ्वीलाही तितक्याच त्वरणाने ओढतो. दोघंही सूर्याकडे जोडीने पडतात. सोबत पडणाऱ्यांची ताटातूट व्हायची तर दोघांवरच्या ओढीत फरक पडावा लागतो. चंद्र सूर्याकडच्या बाजूला असतो तेव्हा त्याच्यावरची ओढ पृथ्वीवरच्या ओढीपेक्षा थोडी जास्त असते, पलीकडे असतो तेव्हा थोडी कमी. हा फरक पृथ्वीच्या स्वतःच्या ओढीच्या साधारण नव्वदाव्या हिश्शाइतका भरतो. एवढ्याने चंद्र सुटत नाही, पण त्याची कक्षा सतत हेलकावे खाते, आणि चंद्राची गती अचूक मांडणं हे ज्योतिर्गणितातलं सगळ्यांत किचकट काम होऊन बसतं.

पृथ्वीचं राज्य सुमारे १५ लाख किलोमीटरपर्यंत चालतं. चंद्र त्याच्या पाव अंतरावर आहे, म्हणून सुरक्षित. भारताचं आदित्य एल-१ यान जिथे जानेवारी २०२४ मध्ये पोहोचलं तो बिंदू याच सीमेवर, सूर्याच्या बाजूला आहे. सूर्याच्या जवळ असलेल्या वस्तूने खरं तर पृथ्वीला मागे टाकायला हवं. पण तिथे पृथ्वीची उलटी ओढ सूर्याची ओढ नेमकी इतकी कमी करते की यान वर्षाला एकच फेरी मारतं आणि पृथ्वीच्या जोडीने चालतं.

आणखी एक: चंद्राचा सूर्याभोवतीचा मार्ग कागदावर काढताना लोक हमखास वेटोळी काढतात. प्रत्यक्षात त्या मार्गात एकही वेटोळं नाही. तो सगळीकडे सूर्याच्या बाजूलाच वळलेला असतो, फक्त कुठे जरा जास्त, कुठे जरा कमी.

कक्षा गोल का नाही? लंबवर्तुळ का?

अचूक गोल फिरायला वेग आणि दिशा दोन्ही तंतोतंत जुळावे लागतात. जरासा कमीजास्त झाला की लंबवर्तुळ. गोल हा योगायोग, लंबवर्तुळ हा नियम.

हे प्रथम ओळखलं योहान्नेस केप्लरने, आणि तेही मंगळामुळे. टायको ब्राहेने दुर्बिणीशिवाय वर्षानुवर्षं घेतलेल्या मंगळाच्या नोंदी त्याच्या हाती आल्या. वर्तुळं जोडून बसवलेल्या कक्षेत आणि नोंदींत ८ कलांचा फरक उरला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या जेमतेम पाव रुंदीएवढा. दुसऱ्या कोणी तो नोंदणाऱ्याच्या माथी मारला असता. केप्लरचा टायकोच्या नोंदींवर विश्वास होता, त्याने वर्तुळ सोडलं. पहिले दोन नियम १६०९ मध्ये प्रसिद्ध झाले, तिसरा १६१९ मध्ये. लंबवर्तुळच का, याचं कारण न्यूटनने १६८७ मध्ये दिलं: अंतराच्या वर्गाने कमी होणाऱ्या ओढीखाली बांधलेली कक्षा लंबवर्तुळच निघते.

पाठ्यपुस्तकातली आकृती मात्र दिशाभूल करते. तिथे पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी दाखवलेली असते. १० सेंटिमीटर त्रिज्येची पृथ्वीची कक्षा खरी मापं घेऊन काढा: लांब आणि आखूड त्रिज्येतला फरक ०.०१४ मिलिमीटर येईल, पेन्सिलच्या रेघेत गडप. पण सूर्य मध्यापासून जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर सरकलेला असेल, आणि ते डोळ्याला दिसेल. आकार जवळपास गोल, सूर्य मात्र मध्यभागी नाही.

पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीत असते? मग थंडी कशी?

ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे. अंतराचा त्यात फारसा हात नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटी किलोमीटरवर.

या फरकाचा परिणाम बघायचा तर थर्मामीटर सोडा, भिंतीवरचं कॅलेंडर बघा. केप्लरचा दुसरा नियम सांगतो की ग्रह सूर्याजवळ असताना वेगाने धावतो. जानेवारीत पृथ्वीचा वेग सेकंदाला ३०.३ किलोमीटर असतो, जुलैत २९.३. म्हणून सूर्य आपल्याला धनु राशीतून झटकन जाताना दिसतो आणि मिथुनेत रेंगाळतो. सूर्य नव्या राशीत शिरतो ती संक्रांत. धनुसंक्रांत १५-१६ डिसेंबरला, मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला: मध्ये साडेएकोणतीस दिवससुद्धा पुरे नाहीत. मिथुन ते कर्क संक्रांत मात्र साडेएकतीस दिवसांहून जास्त.

आता अमावास्या ते अमावास्या सरासरी २९.५३ दिवस. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत येत नाही तो अधिक मास. उन्हाळ्या-पावसाळ्यात सौरमास (एका संक्रांतीपासून पुढच्या संक्रांतीपर्यंतचा काळ) लांब असल्याने असा महिना सहज सापडतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. हिवाळ्यात उलट होतं. सौरमास चांद्रमासापेक्षाही आखूड, त्यामुळे क्वचित एका चांद्रमासात दोन संक्रांती बसतात आणि एक महिना गळतो. तोच क्षयमास. १९६३-६४ आणि १९८२-८३ मध्ये आला होता, यानंतरचा २१२३-२४ मध्ये. तो मार्गशीर्ष, पौष किंवा माघाच्या आसपासच येतो, श्रावणात कधीच नाही. पंचांगात केप्लरचा दुसरा नियम असा बसलेला आहे, आणि केप्लरच्या जन्माआधीपासून बसलेला आहे.

धूमकेतूंना हे सगळं लागू पडतं का? ते तर कुठूनही येतात.

तंतोतंत लागू पडतं. फरक इतकाच की त्यांचा आडवा वेग दूर असताना फार कमी असतो, म्हणून कक्षा कमालीची लांबट होते.

हॅलेच्या धूमकेतूचं उदाहरण घ्या. सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तेव्हा तो बुध आणि शुक्र यांच्या कक्षांमध्ये असतो आणि वेग सेकंदाला ५४ किलोमीटरच्या वर. सर्वांत दूर असतो तेव्हा नेपच्यूनच्याही पलीकडे, सुमारे ५२५ कोटी किलोमीटरवर, आणि तिथे वेग सेकंदाला एक किलोमीटरसुद्धा नाही. आयुष्याचा बहुतेक काळ तो तिथेच गारठ्यात रेंगाळतो आणि आपल्या वाट्याला काही महिने येतो.

एडमंड हॅलेने १५३१, १६०७ आणि १६८२ मध्ये दिसलेले धूमकेतू एकच आहेत असं सांगितलं आणि १७५८ च्या सुमारास तो परत येईल असं भाकीत केलं. स्वतः १७४२ मध्ये वारला. पुढचं काम पॅरिसमधल्या तिघांनी केलं: क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत. वाटेत गुरू आणि शनी धूमकेतूला किती खेचतील याचं अंश-अंश पुढे नेत केलेलं गणित, सगळं हाताने, महिनोन्‌महिने. निष्कर्ष निघाला: गुरूमुळे ५१८ दिवस आणि शनीमुळे १०० दिवस उशीर, एप्रिल १७५९ च्या मध्याला सूर्याजवळ, महिनाभर इकडेतिकडे. १७५८ च्या नाताळात पालिच नावाच्या जर्मन शेतकऱ्याला तो दिसला, आणि १३ मार्च १७५९ ला त्याने सूर्याला वळसा घातला. गुरुत्वाकर्षण खरं की खोटं याबद्दल कुरकुरणाऱ्यांची तोंडं त्यानंतर बंद झाली. लपोतबाईंचं नाव मात्र क्लेरोने नंतर आपल्या पुस्तकातून गाळलं. हे वाचताना अजूनही राग येतो.

तो पुन्हा कधी दिसेल?

डिसेंबर २०२३ मध्ये तो सर्वांत दूरच्या टोकाला पोहोचून परत फिरला. सूर्याच्या सर्वांत जवळ येईल २८ जुलै २०६१ ला. म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळा. ज्यांना तोपर्यंत थांबायचं आहे त्यांनी लडाखचं तिकीट काढावं.

धूमकेतूची शेपटी मागे असते ना?

शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. धूमकेतू सूर्यापासून दूर जाताना शेपटी त्याच्या पुढे असते. तिचा गतीशी संबंध नाही. सौरवारा (सूर्यातून सतत सुटणारे कण) आणि सूर्यप्रकाशाचा दाब तिला ढकलतात. एक बारीक भर: बर्फ तापून वाफेचे झोत सुटतात आणि ते धूमकेतूलाच किंचित ढकलतात. नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा हॅलेचा धूमकेतू दर फेरीला सुमारे चार दिवस उशिरा येतो तो यामुळे.

प्रत्येक धूमकेतू परत येतोच का?

वेगावर अवलंबून. सूर्यापासूनच्या प्रत्येक अंतराला एक मुक्तिवेग असतो. त्याहून कमी वेग असेल तर वस्तू बांधलेली, जास्त असेल तर एकदा येऊन कायमची गेली. १९९७ मध्ये आपण सगळ्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलेला हेल-बॉप १९९६ मध्ये गुरूजवळून गेला, आणि त्या एका भेटीत त्याचा फेरीचा काळ सुमारे ४,२०० वर्षांवरून २,५०० च्या आसपास आला. जुलै २०२५ मध्ये सापडलेला ३आय/अ‍ॅटलस मात्र मुळातच दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला. त्याचा वेग इतका की सूर्य त्याची वाट थोडी वाकवू शकला, धरू शकला नाही.

लहान ग्रह मोठ्याभोवती फिरतो. मोठा मग स्थिरच असतो का?

कोणीच स्थिर नसतं. ओढ दोन्हीकडून सारखीच असते. दोघंही एका सामाईक मध्याभोवती फिरतात. पृथ्वी आणि चंद्राचा असा मध्य पृथ्वीच्या पोटातच, केंद्रापासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर आहे. सूर्य आणि गुरूचा तर सूर्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर पडतो. दूरच्या ताऱ्याचं असं डुलणं मोजूनच १९९५ मध्ये मायोर आणि केलोझ यांनी ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह शोधला.

चंद्र आपल्यापासून दूर चालला आहे हे खरं का?

खरं. वर्षाला ३.८ सेंटिमीटर. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर पृथ्वीवरून लेसर मारून हे मोजतात.

कारण आहे भरती. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांग कोकणातल्या माणसाला समजावायला नको. चंद्राच्या ओढीने समुद्राला जो फुगवटा येतो तो पृथ्वीच्या जलद गिरकीमुळे चंद्राच्या थोडा पुढे सरकतो. हा पुढे गेलेला फुगवटा चंद्राला पुढे ओढतो. पुढे ओढलं की चंद्र वरच्या कक्षेत चढतो. आणि हे विचित्र वाटेल, पण वर चढल्यावर त्याचा वेग कमी होतो, कारण दूरची कक्षा संथ असते. हा सगळा खर्च पृथ्वीच्या गिरकीतून भागतो; दिवस शतकाला एक-दोन मिलिसेकंदांनी लांबतो.

मंगळाच्या फोबोस या चंद्राचं उलटं चाललंय. मंगळ एक गिरकी घेतो तेवढ्यात तो तीन फेऱ्या मारतो, म्हणून फुगवटा त्याच्या मागे पडतो आणि त्याला मागे खेचतो. शंभर वर्षांत सुमारे दोन मीटर तो खाली येतोय. काही कोटी वर्षांत एक तर फुटेल नाहीतर आदळेल.

अवकाश स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात ना?

तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असतं. ते नसतं तर स्थानक केव्हाच सरळ निघून गेलं असतं. स्थानक, माणूस, पाण्याचे थेंब सगळे एकाच त्वरणाने पडत असतात. खालून रेटा देणारं काही नसल्यामुळे वजन जाणवत नाही.

अपोलो ११ तीन दिवसांत चंद्राजवळ पोहोचलं. चांद्रयान-३ ला इतके दिवस का लागले?

अग्निबाण लहान म्हणून, आणि तो कमीपणा आपल्या लोकांनी कक्षेचे नियम वापरून भरून काढला. १४ जुलै २०२३ ला यान लांबट कक्षेत सोडलं. त्यानंतर ते पृथ्वीच्या सर्वांत जवळ आलं की थोडा वेळ इंजिन चालवायचं. जवळच्या टोकाला वेग वाढवला की दूरचं टोक आणखी दूर जातं. असं करत ते टोक सुमारे १,२७,००० किलोमीटरपर्यंत नेलं, आणि ३१ जुलै आणि १ ऑगस्टच्या मधल्या मध्यरात्री शेवटचा धक्का देऊन यान चंद्राकडे वळवलं. ५ ऑगस्टला चंद्राजवळ उलट काम: इंजिन लावून वेग कमी केला. तसं केलं नसतं तर यान चंद्राला वळसा घालून पुढे निघून गेलं असतं. गुरुत्वाकर्षण आपण होऊन कोणाला पकडत नाही. वेग कुठेतरी टाकावा लागतो. मंगळयानाने २०१३-१४ मध्ये हाच मार्ग धरला होता.

ग्रह एका रेषेत आले की भूकंप, त्सुनामी येतात का?

नाही. भरती निर्माण करणारा प्रभाव अंतराच्या घनाने कमी होतो. सर्वांत जवळ आलेल्या शुक्राचा प्रभाव चंद्राच्या साधारण वीस हजारांश, गुरूचा एक लाखांशाहूनही कमी. मोबाइलवर असला मेसेज आला की पुढे पाठवू नका.

न दिसणारा ग्रह कक्षेच्या गणितातून सापडला होता म्हणतात?

युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. पॅरिसच्या ल वेरिएने बाहेरचा ग्रह कुठे असावा ते काढून बर्लिनला पत्र पाठवलं. २३ सप्टेंबर १८४६ ला पत्र पोहोचलं आणि त्याच रात्री तिथल्या वेधशाळेतल्या गालेने सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून शोधला.

यानंतर नेपच्यूनच्या पलीकडे शोधण्याची लाट आली, आणि तिच्यात एक मराठी नाव आहे: व्यंकटेश बापूजी केतकर, 'ज्योतिर्गणितम्'चे कर्ते. त्यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं भाकीत छापलं. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट, फेरी २४२ वर्षांची. १९३० मध्ये सापडलेल्या प्लुटोचं अंतर ३९.५ पट आणि फेरी २४८ वर्षांची. आकडे थक्क करणारे आहेत, पण अभिमानाच्या भरात एक गोष्ट विसरू नये: प्लुटोचं वस्तुमान आपल्या चंद्राच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे, त्याची ओढ इतर ग्रहांच्या गतीत दिसणं शक्य नव्हतं. अशा भाकितांच्या जुळण्यात नशिबाचा भाग मोठा होता, पाश्चात्त्यांच्याही.

आइन्स्टाइनने न्यूटनला खोटं पाडलं ना?

बुधाच्या कक्षेची दिशा शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) जास्त सरकते. न्यूटनच्या नियमांतून याचा उलगडा होत नव्हता, १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून झाला. हॅलेचा धूमकेतू किंवा चांद्रयान यांच्या मार्गाचा बहुतेक हिशेब आजही न्यूटनच्याच नियमाने होतो, वर लागेल तिथे आइन्स्टाइनची बारीक दुरुस्ती.

सूर्य एकाएकी नाहीसा झाला तर?

८ मिनिटं १९ सेकंद आपल्याला पत्ताच लागणार नाही, कारण गुरुत्वाकर्षणातला बदलही प्रकाशाच्याच वेगाने येतो. मग पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने सरळ निघेल. चंद्र सोबत येईल.

ग्रहांची ही व्यवस्था कायम टिकेल का?

ग्रह एकमेकांनाही ओढतात, त्यामुळे फार लांबचं भाकीत करता येत नाही. लास्कर आणि गॅस्टिनो यांनी २००९ मध्ये सूर्यमालेची पुढची ५०० कोटी वर्षं संगणकावर अडीच हजार वेळा चालवून बघितली, दर वेळी सुरुवातीच्या अंतरात अगदी सूक्ष्म फरक करून. शंभरात एखाद्या वेळी बुधाची कक्षा फारच लांबट झाली, आणि त्यांतल्या काहींत टक्करही झाली. उरलेल्या नव्याण्णव वेळा सगळं ठीक चाललं.

घरबसल्या यातलं काही पडताळता येईल?

येईल. साधी १० बाय ५० ची द्विनेत्री घ्या, गच्चीच्या कठड्यावर घट्ट टेकवा आणि गुरू बघा. गॅलिलिओला १६१० च्या जानेवारीत दिसलेले चार ठिपके, म्हणजे गुरूचे चार मोठे चंद्र दिसतील, कधी तीनच. रोज एकाच वेळी त्यांची जागा वहीत काढा. आयओ १.७७ दिवसांत फेरी मारतो, गॅनिमिड ७.१५ दिवसांत. अंतरं ४.२२ लाख आणि १०.७ लाख किलोमीटर. अंतरांच्या गुणोत्तराचा घन आणि काळांच्या गुणोत्तराचा वर्ग काढा, दोन्ही १६.३ च्या आसपास येतात. हा केप्लरचा तिसरा नियम. आयओ गुरूला इतका चिकटून असतो की द्विनेत्रीत तो बऱ्याचदा गुरूच्या झगमगाटात बुडतो, म्हणून सुरुवात गॅनिमिडपासून करा, आणि ढगांमुळे दोन-तीन रात्री गेल्या तर वहीत तेवढी जागा कोरी सोडा.